ईएसआयच्या पॅनलवर कसं जायचं: ठाणे-नवी मुंबईत नवा दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांसाठी

दवाखाना टाकून जरा बस्तान बसलं की बहुतेक नवे डॉक्टर एकच विचारतात, "सरकारी योजनेत आपल्याला शिरता येतं का हो?" आणि त्यांच्या डोक्यात असते महात्मा फुले जनआरोग्य योजना, कारण बोर्ड तिचेच सगळीकडे लागलेत. ते आधी डोक्यातून काढा. ती योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च देते खरी, पण ती हॉस्पिटलची योजना आहे, ॲडमिट पेशंट, ऑपरेशन, पॅकेज असा सगळा मामला, आणि ताप-खोकला-जुलाब बघणाऱ्या एका गाळ्यातल्या दवाखान्याला त्यात जागाच नाही. तुमचं काम तिथे एवढंच की पेशंटला रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात पाठवायचं आणि सांगायचं की आत गेल्यावर पहिले आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला शोध, कॅश काउंटरला नंतर. एवढं सांगितलंत तरी त्या घराचे हजारो रुपये वाचतात, पण तुमच्या खात्यात त्यातून काही येत नाही.

फॅमिली डॉक्टरला खरोखर आत घेणारी योजना म्हणजे ईएसआय, आपली कामगार विमा. मुंबईत ती १९५४ पासून चालू आहे आणि पॅनल डॉक्टर, म्हणजे स्वतःच्या दवाखान्यात बसून विमा असलेल्या कामगारांना बघणारा खाजगी डॉक्टर, हा प्रकार आपल्याकडे जुना, तुमच्या आजोबांच्या वयाच्या गिरणी कामगाराला विचारा, त्याला त्याच्या पॅनलच्या डॉक्टरांचं नाव अजून आठवेल. कागदावर या डॉक्टरला विमा वैद्यकीय व्यवसायी म्हणतात, ऑफिसात सगळे आयएमपी म्हणतात, आणि पेशंट म्हणतो "ईएसआयचे डॉक्टर".

योजना नक्की काय आहे ते आधी समजून घ्या

१० किंवा जास्त माणसं कामाला असलेली कंपनी, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार, अपंग असेल तर २५,०००. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, हे दर जुलै २०१९ पासूनचे. त्या बदल्यात कामगार, नवरा किंवा बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांना उपचार, आणि तेही कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून. खर्चाला माणशी मर्यादा नाही. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला पेशंट फुकटा नाही, त्याच्या पगारातून दर महिन्याला पैसे गेलेत, हे तुमच्या रिसेप्शनच्या मुलीलाही नीट समजावून ठेवा, कारण "ईएसआयवाले तिकडे बसा" हा सूर एकदा लागला की वस्तीत नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.

मूळ कायदा १९४८ चा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण दवाखान्याच्या पातळीवर काम तेच.

आता गोंधळ कुठे होतो तर ऑफिसांमध्ये. एक आहे केंद्राचं महामंडळ, म्हणजे ईएसआयसी, ते वर्गणी गोळा करतं आणि कामगाराला आजारपणाचे पैसे देतं. दुसरी आहे राज्याची कामगार विमा सोसायटी, म्हणजे ईएसआयएस, ती दवाखाने आणि हॉस्पिटलं चालवते, वागळेचं कामगार हॉस्पिटल आणि वाशीचं हॉस्पिटल तिचीच. उपचाराच्या खर्चाचे आठ भाग केले तर सात केंद्राकडून आणि एक राज्याकडून, अशी वाटणी. तुम्हाला पॅनलवर घेणार ती राज्याची बाजू, म्हणून अर्जाची चौकशी तिकडे करायची, महामंडळाच्या ठाण्याच्या ऑफिसात जाऊन "मला पॅनलवर घ्या" म्हणालात तर तिथला माणूस तुम्हाला लोअर परळला पाठवेल आणि तो बरोबरच असेल. महामंडळाशी तुमचा संबंध पुढे सर्टिफिकेटांवरून येणारच आहे, भरपूर येणार आहे.

अर्जाच्या आधी वस्ती बघा

हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग पॅनल मिळूनही हात चोळत बसतात. पॅनलचे पैसे तपासणीमागे मिळत नाहीत, तुमच्या नावावर नोंदलेल्या कामगार कुटुंबामागे वर्षाची ठरलेली रक्कम मिळते. तो माणूस वर्षात एकदा आला काय आणि वीसदा आला काय, रक्कम तीच. म्हणजे नोंदलेली कुटुंबं किती, यावरच सगळं गणित आहे.

आणि कुटुंबं एमआयडीसीत राहत नाहीत. कारखाना रबाळ्याला असतो, माणूस राहतो दिघ्याला नाहीतर इलठणपाड्याला, वागळेच्या सोळा नंबर रोडवर काम करणारा राहतो किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगरला. रात्री पोराला ताप आला तर तो घराजवळच्या डॉक्टरकडे जाणार, कारखान्याजवळच्या नाही. म्हणून घणसोली गावठाण, तुर्भे स्टोअर, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीच्या आजूबाजूचा भाग, इथे गाळा असेल तर पॅनलला अर्थ आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरखाली दवाखाना असेल तर वरच्या पंचवीस मजल्यांत एकही ईएसआयवाला नसेल, पण त्याच टॉवरचं हाउसकीपिंग, वॉचमन, जवळच्या मॉलमधली पोरं, यांची कार्डं असतात, तेव्हा एकदम नाहीही म्हणू नका. ऐरोलीच्या आयटी पार्कचंही तसंच, इंजिनिअर २१,००० च्या बाहेर, कॅन्टीनमधला पोऱ्या आत.

दोन संध्याकाळी वस्तीत फिरा, मेडिकलवाल्याला विचारा की ईएसआयचे कागद कोणाच्या दवाखान्यातून येतात, सरकारी ईएसआय दवाखाना किती लांब आहे, आधीचे पॅनल डॉक्टर किती आणि त्यांचं वय काय. शेवटचा प्रश्न जरा वाईट वाटतो पण महत्त्वाचा आहे, कारण जुने डॉक्टर थांबले की त्यांची कुटुंबं कुठेतरी वर्ग करावीच लागतात आणि त्या भागात नवीन माणसाची गरज तेव्हाच निघते.

कागद

एमबीबीएस आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची चालू नोंदणी, हा पाया. चालू हा शब्द नीट वाचा. कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, बऱ्याच जणांना हे तारीख उलटून गेल्यावर आठवतं, मग एका महिन्यात मिळेल ती कॉन्फरन्स करत पळापळ. एमडी किंवा डिप्लोमा असेल तर तो वेगळा नोंदवलाय का बघा, नुसतं लेटरहेडवर छापून चालत नाही.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि तो बायकांच्या वाट्याला येतो. डिग्रीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर भलतंच मिश्रण, बँक खातं चौथ्या स्पेलिंगने. एकाच डॉक्टरीणबाई पण कागदावर चार. राजपत्रात नावबदल करून घ्या आणि मग कौन्सिल, पॅन, आधार, बँक या क्रमाने सगळीकडे एकच नाव करा, किंवा माहेरचंच ठेवायचं असेल तर तेच सगळीकडे ठेवा, काहीही चालेल पण एक. अर्ज टाकून मग हे निस्तरायला जाऊ नका.

जागेचा कागद म्हणजे मालकीचा उतारा किंवा रजिस्टर केलेलं लीव्ह अँड लायसन्स. नवी मुंबईच्या गावठाणातल्या बऱ्याच गाळ्यांचे कागद धड नसतात, भाडं घेताना मालक "होऊन जाईल डॉक्टर" म्हणतो, ते होत नाही, म्हणून पॅनलचा विचार असेल तर गाळा घेतानाच रजिस्टर ॲग्रीमेंट मागा. त्याशिवाय जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची, २०१६ च्या नियमांत बेड नसलेल्या दवाखान्यालाही ती लागते, आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेचं सभासदत्व चालू असल्याची पावती. इंजेक्शनच्या सुया एका बाटलीत आणि पिवळी पिशवी कुठेच नाही, असे दवाखाने मी बघितलेत आणि तुम्हीही बघितले असतील.

अर्ज आणि पाहणी

अर्ज सोसायटीच्या ऑफिसातून किंवा त्यांच्या जाहिरातीसोबतच्या नमुन्यातच घ्या, कुणा एजंटाकडून "फाईल करून देतो" म्हणून घेऊ नका. पॅनलसाठी एजंट लागत नाही. अर्जाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा, इनवर्ड नंबर आणि तारखेचा शिक्का तुमच्या कॉपीवर मारून घ्या, शिक्क्याशिवाय बाहेर पडू नका, पुढच्या सगळ्या चौकशीला तो नंबरच विचारतात.

मग कधीतरी दवाखाना बघायला येतात. फार काही लागत नाही, पण जे लागतं ते दिसायला लागतं. तपासणीचं टेबल आणि पडदा, हात धुवायचं बेसिन ज्याला खरोखर पाणी येतं, बसायला जागा, चालू फ्रिज, बीपीचं मशीन, वजनकाटा, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, ॲड्रेनलिनची न संपलेल्या तारखेची ॲम्प्युल, वेळेचा बोर्ड. वेळेबद्दल विशेष सांगतो, बोर्डावर सकाळी दहा ते एक लिहिलंय आणि तुम्ही साडेअकराला येता, असं नको. कामगार शिफ्टमध्ये असतो, फर्स्ट शिफ्टचा माणूस साडेतीन-चारला सुटतो, त्याला दुपारी बंद आणि सात वाजता चालू हा दवाखाना उपयोगाचा नाही, म्हणून पाचला उघडा असं माझं मत आहे. आणि तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी कोण बसणार, हे आधी ठरवून लेखी कळवून ठेवा, तोही पात्र डॉक्टरच हवा, कंपाउंडर नव्हे.

करार हातात आला की तीन गोष्टी पेनाने अधोरेखित करा. जास्तीत जास्त किती कुटुंबं घेता येतील, औषधं तुम्ही द्यायची की मान्यताप्राप्त केमिस्टकडून आणि त्यातली कुठली तुमच्या रकमेत धरलीत, आणि सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस. मधला मुद्दा वाचल्याशिवाय सही करू नका, तुमची ठोक रक्कम किती हातात राहणार ते त्यावर ठरतं.

नाव लिस्टवर आलं, पेशंट कुठायत?

इथे नवे डॉक्टर खरे गांगरतात. पॅनलचं पत्र आलं, फ्रेम करून लावलं, आणि कोणी येईना. कारण सोपं आहे. कामगाराची नोंदणी कंपनीतला एचआरचा माणूस ऑनलाइन करतो, त्यात एक रकाना असतो, दवाखाना किंवा आयएमपी निवडा. तो माणूस पन्नास जणांचे फॉर्म एका बसणीत भरत असतो, लिस्ट उघडते, जे पहिलं ओळखीचं नाव दिसतं ते तो सगळ्यांना लावतो. त्यामुळे कळव्याला राहणाऱ्या बाईचा दवाखाना भांडुपचा निघतो, आणि तिला ते माहीतच नसतं, कारण ती आजपर्यंत खाजगीत पैसे देऊनच दाखवत आलीये.

म्हणून पहिलं काम, तुमचं नाव आणि पत्ता त्या लिस्टमध्ये बरोबर आलाय का हे एखाद्या ओळखीच्या एचआरवाल्याच्या कॉम्प्युटरवर स्वतः बघा. रबाळे लिहायच्या जागी नुसतं नवी मुंबई आलं असेल तर लगेच दुरुस्तीचं पत्र द्या. दुसरं, आजूबाजूच्या लहान कंपन्यांच्या एचआरला, लेबर काँट्रॅक्टरला जाऊन भेटा. जाहिरात करायची नाही, कौन्सिलच्या आचारसंहितेत बसत नाही, पण "मी या भागाचा पॅनल डॉक्टर आहे, ही माझी वेळ" एवढं सांगणं म्हणजे जाहिरात नव्हे. तिसरं, जो कामगार आधीच तुमच्याकडे पैसे देऊन येतोय त्याला विचारा, बाबा तुझं ईएसआय कार्ड आहे का. बघा किती जण पाकिटातून घडी घातलेलं ई-पहचान कार्ड काढतात, कोपरे फाटलेले, फोटोत अख्खं कुटुंब, आणि म्हणतात "हे चालतं काय इथे?" त्याचा दवाखाना बदलून तुमच्या नावावर करायला त्याने कंपनीत सांगायचं. कुटुंब गावाला असेल, म्हणजे साताऱ्याला, जळगावला, जौनपूरला, तर कुटुंबाचा दवाखाना वेगळा लावता येतो हेही सांगा, त्यात तुमचा फायदा नाही पण माणूस लक्षात ठेवतो.

सर्टिफिकेट

औषध कोणीही देईल, ईएसआयच्या पेशंटला तुमच्याकडून सगळ्यात जास्त काय हवं असतं तर सर्टिफिकेट, कारण त्याच्यावर पैसे मिळतात. आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, अट अशी की संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. कामावर अपघात झाला तर हिशोब वेगळा, तेव्हा ९० टक्के, आणि त्याला ७८ दिवसांची अट नाही.

आता समजा प्रेसवर बोट चेपलेला मुलगा आला. पट्टी करणं सोपं आहे. पण तुम्ही सर्टिफिकेटवर नुसतं "बोटाला जखम" लिहिलंत आणि कामावर झाली की घरी दरवाजात, हे केस पेपरवर नोंदवलंच नाहीत, तर पुढे ७० आणि ९० मधला फरक त्याच्या अंगावर येतो. किती वाजता, कुठल्या मशीनवर, कुठलं बोट, डावा हात की उजवा, तो काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिहा, आणि त्याला सांगा की कंपनीकडून अपघाताचा रिपोर्ट ईएसआयसीला गेला पाहिजे, सुपरवायझर "अरे राहू दे, मी खर्च देतो" म्हणाला तरी. बोट पुढे वाकेनासं झालं तर तोच रिपोर्ट कामाला येतो.

तारखेच्या बाबतीत कडक राहा. ज्या दिवशी तपासलं त्या दिवसाची तारीख, बस. "डॉक्टर, गेल्या सोमवारपासूनचं द्या ना, गावी होतो" हे रोज ऐकायला मिळेल, कधी गोड बोलून, कधी युनियनच्या माणसाला घेऊन, गणपतीच्या आणि मे महिन्याच्या दिवसांत तर रांग लागते. एकदा दिलंत की वस्तीभर होतं. महामंडळाचा मेडिकल रेफरी असतो, तो पेशंटला बोलावून तपासू शकतो, आणि एकाच कंपनीतले सहा जण एकाच आठवड्यात कंबरदुखीने आजारी निघाले तर त्याने तुमच्याकडे बघणं साहजिक आहे. उलट बाजूनेही चूक करू नका, खरा आजारी माणूस दिसत असताना सर्टिफिकेट द्यायला कां-कूं केलंत तर त्याचा तो आठवडा बिनपगारी जातो. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची रजिस्टरला नोंद, पेशंटची सही किंवा अंगठा आणि एखादी ओळखीची खूण, हे २००२ च्या आचारसंहितेतच आहे, पॅनल असो वा नसो, आणि पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचे तेही त्यातलंच.

टीबीचा दरवाजा

पॅनल मिळेपर्यंत वेळ जातो, तोवर एक गोष्ट आजच करता येते, निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, दवाखान्याची नोंदणी. टीबीचा पेशंट कळवणं २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही सक्तीचं आहे, २०१८ च्या राजपत्रानंतर तर न कळवणं गुन्ह्यापर्यंत जातं. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांचे शहर क्षयरोग अधिकारी आहेत, त्यांच्या ऑफिसला फोन केला की माणूस येऊन नोंदणी करून देतो. पेशंट कळवल्याचे ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचं कळवल्यावर ५०० तुमच्या खात्यात, पेशंटला औषधं फुकट आणि पोषणासाठी महिना १,०००, ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची हजार झाली. पैशाने श्रीमंत होणार नाही, पण महापालिकेच्या लोकांशी ओळख होते, थुंकीची सीबीनॅट तपासणी, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी, फुकट करून मिळते, आणि पेशंट तुमच्याच हाताखाली राहतो.

आणि याची गाठ ईएसआयशी आहे ती फार कमी जणांना माहीत असते. ईएसआयमध्ये ३४ दीर्घ आजारांची यादी आहे, टीबी त्यात आहे, आणि दोन वर्षं सलग नोकरी, त्यात १५६ दिवसांची वर्गणी असेल तर ९१ दिवस संपल्यावर पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. तुर्भ्याच्या खाणीजवळच्या वस्तीतला माणूस टीबीची गोळी चालू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कामावर पळतो तो घरभाड्यासाठी, आणि गोळ्या तिथेच सुटतात. त्याला हे सांगणारं दुसरं कोणी नाही, तुम्हीच आहात.

एमबीबीएस नसाल तर

बीएएमएस, बीएचएमएस मंडळींनी पॅनलवर वेळ घालवू नये. सीसीएमपी, म्हणजे ॲलोपॅथीच्या औषधांचा कोर्स, केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं कौन्सिलच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये केवढं रामायण झालं, संप झाले, ते सगळ्यांना माहीतच आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत त्या जोरावर अर्ज करण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी महापालिकेच्या जाहिराती बघत राहणं बरं, नागरी आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, शाळा तपासणीची पथकं, त्यात आयुष डॉक्टर घेतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेला पेशंट टीबी केंद्रात पाठवणं तर कोणत्याही पॅथीने करावं.

पैसे आणि बदल

पहिलं वर्ष पॅनलच्या रकमेवर गाळ्याचं भाडं धरू नका, कुठलीही सरकारी रक्कम महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येत नाही असंच समजून चालायचं. आली की यादी तपासा, किती कुटुंबं धरलीत आणि तुमच्या वहीत किती आहेत, तफावत असेल तर तोंडी नको, पत्र आणि पुन्हा शिक्का. टीडीएस कापला गेला असेल तर तो २६एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या कापलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, दिसतोय का ते बघून मगच रिटर्न भरा. पॅनलच्या पेशंटकडून ज्या सेवेचे पैसे योजनेतून मिळतात तिचे वरून पन्नास रुपयेही घेऊ नका, "केस पेपरचे" म्हणूनही नाही, तक्रार झाली तर पॅनल जातं.

आणि गाळा बदलायचा झाला, अगदी त्याच रस्त्यावर चार दुकानं पलीकडे जरी, तरी आधी कळवा आणि मग सामान हलवा. नवीन पत्ता लिस्टवर आल्याशिवाय जुन्या दारावरचा बोर्ड काढू नका.